टीडीएसच्या आकड्यावरून पाणी सुरक्षित आहे हे कळते का?

पाणी तपासायचे म्हटले की आजकाल पेनासारखे दिसणारे एक छोटे यंत्र बाहेर निघते. ते पेल्यात बुडवले की पडद्यावर एक आकडा उमटतो आणि तेवढ्यावर घरातल्या पाण्याबद्दलचे मत पक्के होते. शुद्धीकरण यंत्र बसवायचे की नाही, विहिरीचे पाणी प्यायचे की सोडून द्यायचे, असे मोठे निर्णयही त्या एका आकड्यावर घेतले जातात. हा आकडा खोटा नसतो. पण पाणी पिण्यास सुरक्षित आहे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण तो वाचतो आणि नेमके त्याच प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक गोष्टी या यंत्राला दिसतच नाहीत. म्हणून पाण्याची तपासणी समजून घेताना सुरुवात या यंत्रापासूनच केलेली बरी.

मीटर नेमके काय मोजतो?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण. ते एका लिटरमागे किती मिलिग्रॅम, असे सांगतात. पाणी जमिनीत मुरताना खडकांतून आणि मातीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट असे घटक थोडेथोडे उचलत जाते, आणि टीडीएसचा बहुतांश भाग याच क्षारांचा असतो. प्रयोगशाळेत हे प्रमाण काढताना गाळलेले पाणी आटवून खाली उरलेला साका वाळवतात आणि तोलतात. हातातला मीटर मात्र काहीही तोलत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच तो पाहतो, त्या वाहकतेला साधारण ०.५ ते ०.७ या दरम्यानच्या एका ठरावीक संख्येने गुणतो आणि क्षारांचा अंदाज सांगतो.

यातून दोन मर्यादा उघड होतात. पहिली ही की ज्या पदार्थावर विद्युतभार नाही, तो मीटरच्या हिशेबातच येत नाही. जिवाणू, विषाणू, अनेक कीटकनाशके आणि पाण्यात मिसळलेली इंधनद्रव्ये या सर्वांच्या बाबतीत मीटर जवळजवळ आंधळा असतो. दुसरी मर्यादा प्रमाणाची आहे आणि ती अधिक फसवी आहे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम इतकी आहे. एखाद्या विहिरीत याच्या दहापट आर्सेनिक असले, तरी एकूण विरघळलेल्या पदार्थांत त्यामुळे पडणारी भर ०.१ मिलिग्रॅमची असते. मीटर सहसा १ मिलिग्रॅमपेक्षा लहान फरक दाखवत नाही. तेव्हा १२० हा आकडा आर्सेनिक नसलेल्या पाण्याचाही असू शकतो आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या पाण्याचाही असू शकतो. सभेला किती लोक आले हे दारात उभे राहून मोजता येते, पण आलेल्यांपैकी कोण कशासाठी आले आहे, हे त्या मोजणीतून कळत नाही. मीटरचे काम त्या दारातल्या मोजणीइतकेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, ही गोष्ट फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. साधारण ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चवीला चांगले लागते आणि १००० च्या पुढे ते अधिकाधिक नकोसे होत जाते, असे ही संघटना सांगते. अनेक देशांच्या मानकांत दिसणारी ५०० ची मर्यादाही प्रामुख्याने चव आणि भांड्यांवर, नळांवर धरणारे क्षार यांच्याशी निगडित आहे.

मीटर निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. आकडा नेहमी एका पातळीवर असेल आणि अचानक बराच वर किंवा खाली गेला, तर स्रोतात काही बदल झाला आहे हे त्यावरून कळते. आरओ यंत्रातला, म्हणजे दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणाऱ्या यंत्रातला पडदा नीट काम करतो आहे की फाटला आहे, हे पाहण्यासाठीही तो उत्तम आहे.

“पण पाण्यातली घाण मी डोळ्यांनी पाहिली!”

हा आक्षेप हमखास येतो, कारण एक प्रात्यक्षिक अनेकांनी पाहिलेले असते. दोन पेल्यांत पाणी घेतात, एकात नळाचे आणि दुसऱ्यात आरओ यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. थोड्याच वेळात नळाचे पाणी तांबूस, हिरवट, काळपट होते आणि त्यात साका तरंगू लागतो, तर आरओचे पाणी तसेच नितळ राहते. पाहणारा हादरतो, आणि ते साहजिकच आहे.

प्रत्यक्षात त्या पेल्यात दिसणारा रंग कांड्यांमधून आलेला असतो. कांड्यांपैकी एक जोडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळू लागते आणि त्यापासून गंजासारखी संयुगे तयार होऊन पाणी गढुळते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जेमतेम वाहते आणि लोखंड जागच्या जागी राहते. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा केला, तर तेही तसेच काळपट होते. म्हणजे हे प्रात्यक्षिक टीडीएस मीटर सांगतो तेच, फक्त अधिक भीतिदायक रूपात सांगते. आरोग्याबद्दलची भीती दाखवून लोकांना घाईने निर्णय घ्यायला लावणे मला अत्यंत गैर वाटते, कारण त्यामुळे भलत्याच गोष्टीवर पैसे खर्च होतात आणि खरा धोका तसाच राहून जातो.

नितळ दिसते, गोड लागते. मग काय बिघडले?

डोळे, नाक आणि जीभ यांना काही गोष्टी नक्की कळतात. तांबूस पाणी आणि धातूसारखी चव बहुधा लोहामुळे असते, सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो, आणि बेसिनवर निळसर-हिरवे डाग पडत असतील तर पाणी तांब्याचे नळ किंवा जोडण्या झिजवत असण्याची शक्यता असते. भांड्यांच्या तळाशी बसणारा पांढरा थर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, म्हणजे पाण्याच्या जडपणाचा असतो. तो यंत्रांना त्रासदायक आहे, पण आरोग्याला घातक नाही.

उलट बाजूने मात्र ही परीक्षा साफ कोसळते. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दहा दिवसांत पाचशेहून अधिक लोक दगावले. या मृत्यूंचा मागोवा घेताना डॉ. जॉन स्नो यांना दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये राहणाऱ्या एका वृद्ध विधवेचा मृत्यू आढळला. त्या बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीट भागात राहत असत आणि तिथल्या पंपाच्या पाण्याची चव त्यांना इतकी आवडे की त्या ते मुद्दाम मागवून घेत. जवळच्या एका घराचा मैलाखड्डा पंपाच्या विहिरीत झिरपत होता, हे नंतर खोदकामात उघड झाले. त्या पाण्याने चवीच्या परीक्षेत कोणालाही शंका येऊ दिली नव्हती.

सर्वांत आधी जंतूंचा प्रश्न

पाण्यातील रसायने बहुतेक वेळा वर्षानुवर्षांनी त्रास देतात. जंतू काही तासांत किंवा दिवसांत आजारी पाडतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो आजार जिवावर बेतू शकतो. म्हणून कुठल्याही तपासणीत पहिला मान जंतूंच्या चाचणीचा असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण यांचे जंतू वेगवेगळे असतात. त्यांचे पाण्यातील प्रमाण अल्प असते आणि ते सतत हजरही नसतात, त्यामुळे प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे खर्चिक आणि बेभरवशाचे ठरते. यावरचा उपाय असा, की माणसाच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात विपुल असणारा ई. कोलाय हा जिवाणू शोधायचा. तो पाण्यात सापडला म्हणजे विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली आहे, आणि जिथून विष्ठा आली तिथून रोगजंतूही येऊ शकतात. ई. कोलायचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, पण इथे त्याला साक्षीदार म्हणून महत्त्व आहे. १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये, हा निकष जगभर मान्य आहे. अहवालात दिसणारे ‘एकूण कोलिफॉर्म’ हा मोठा गट असून त्यातील काही जिवाणू माती आणि वनस्पतींवरही आढळतात. त्यामुळे फक्त तेवढेच सापडले तर स्रोताची पाहणी करावी, पण ई. कोलाय सापडला तर ते पाणी त्याच दिवसापासून उकळल्याशिवाय पिऊ नये.

घरच्या घरी करण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड कुपीची चाचणी सोपी आहे. तिची पद्धत भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. निर्जंतुक कुपीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी एक ते दोन दिवस ठेवतात. आतड्यातील काही जिवाणू वाढताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात, कुपीतल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळे पडते. ज्या भूजलात मुळातच सल्फाइड आहे, तिथे मात्र जंतू नसतानाही पाणी काळे पडू शकते. म्हणून काळी कुपी हा सावधगिरीचा इशारा मानावा आणि प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी.

नळाला शुद्धीकरण केंद्रातून पाणी येत असेल, तर उरलेल्या क्लोरिनची चाचणी आणखी लवकर काहीतरी सांगते. केंद्रात घातलेल्या क्लोरिनपैकी काही भाग जंतू मारण्यात खर्च होतो आणि उरलेला भाग वाटेत शिरणाऱ्या जंतूंवर पहारा ठेवतो. नळापाशी एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा. एक गोळी टाकून येणाऱ्या गुलाबी छटेवरून हे प्रमाण काही मिनिटांत समजते. रोज असणारा क्लोरिन एखाद्या दिवशी शून्य झाला, तर कुठेतरी वाहिनी फुटून बाहेरचे पाणी आत आल्याची शंका घ्यावी.

गढूळपणाचे महत्त्व इथेच आहे. पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या आडोशाने जंतू क्लोरिनपासून आणि अतिनील किरणांपासून बचावतात. शिवाय काही जंतूंना क्लोरिन फारसे बाधतही नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे, आणि त्या काळात शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. ई. कोलाय नाही म्हणजे सगळेच ठीक आहे, असे म्हणूनच सरसकट म्हणता येत नाही.

सावकाश घात करणारे पदार्थ

बांगलादेशची कहाणी पाण्याच्या तपासणीतली सर्वांत दुःखद आणि सर्वांत बोधप्रद आहे. तळी आणि नद्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे अतिसाराचे मृत्यू टाळण्यासाठी तिथे १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि जंतूंच्या दृष्टीने ते पाणी खरोखरच अधिक सुरक्षित होते. पण तिथल्या गाळाच्या थरांत नैसर्गिक आर्सेनिक होते आणि त्याची चाचणी त्या काळी नेहमीच्या तपासणीत केली जात नव्हती. १९९३ मध्ये आर्सेनिकची खात्री झाली तोवर लोक ते पाणी वर्षानुवर्षे पीत होते. पुढे मोठ्या प्रमाणावर नळ तपासले गेले, सुरक्षित नळांना हिरवा आणि धोकादायक नळांना लाल रंग दिला गेला, आणि कित्येकदा अगदी शेजारशेजारच्या दोन नळांचे रंग वेगळे निघाले. अहवालात ‘तपासलेले सर्व घटक मर्यादेत’ असे लिहिलेले असेल, तर न तपासलेल्या घटकांविषयी तो अहवाल काहीच सांगत नाही, हे यातून स्पष्ट होते.

फ्लोराइडही असेच खडकांतून येते. त्याची मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. दीर्घकाळ त्याहून जास्त प्रमाणात पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि प्रमाण बरेच वाढल्यास हाडे व सांधे ताठरतात. नायट्रेट मात्र खते, शेणखताचे ढीग आणि मैलापाणी यांतून झिरपते. त्याची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांखालील बाळांना त्याचा विशेष धोका असतो, कारण त्यापासून तयार होणारे नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि बाळ निळसर दिसू लागते.

शिसे बहुधा स्रोतात नसते, ते नळांतून आणि जोडण्यांतून उतरते. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नव्या पाण्याने वाहिन्या झिजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. परिणामी जुन्या नळांमधले शिसे घराघरांतल्या पाण्यात उतरले. केंद्रातले पाणी तपासून ते कळले नसते. ते घरातल्या नळापाशीच कळू शकत होते.

मग कोणत्या चाचण्या कराव्यात?

सर्वच चाचण्या करणे महाग आहे आणि अनावश्यकही आहे. पाणी कुठून येते आणि वाटेत कशाकशाला स्पर्श करते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून यादी आपोआप तयार होते. शुद्धीकरण केंद्राचे पाणी असेल तर क्लोरिन, गढूळपणा, ई. कोलाय आणि नळ जुने असल्यास शिसे पाहावे. विहीर किंवा कूपनलिका असेल तर ई. कोलाय आणि नायट्रेट वर्षातून एकदा तरी तपासावे. आर्सेनिक, फ्लोराइड, लोह, जडपणा आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, हे स्रोत वापरात घेण्यापूर्वी एकदा आणि नंतर काही वर्षांच्या अंतराने पाहावे. भोवतालच्या खडकांत एखादा विशिष्ट घटक असल्याची नोंद असेल, तर त्याची चाचणी आवर्जून जोडावी. मोठा पाऊस किंवा पूर झाल्यावर, वाहिनीची दुरुस्ती झाल्यावर, घरात तान्हे बाळ येणार असताना आणि घरातल्या अनेकांची पोटे एकाच वेळी बिघडली असताना पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

नमुना चुकला की अहवालही चुकतो

जंतूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. तिच्या तळाशी असलेली थोडीशी पूड किंवा थेंब क्लोरिन निष्प्रभ करण्यासाठी असतात, म्हणून ती विसळू नये. नळाच्या तोंडाची जाळी काढावी, तोंड पुसून घ्यावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे आणि बाटलीच्या आतल्या भागाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता नमुना भरावा. तो थंड ठेवून शक्यतो सहा तासांत, आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

शिशाच्या बाबतीत रीत अगदी उलटी आहे. किमान सहा तास नळ न वापरता सकाळचे पहिलेच पाणी, वाहू न देता, बाटलीत घ्यावे, आणि दुसरा नमुना पाणी काही मिनिटे वाहू दिल्यावर घ्यावा. पहिल्यात शिसे जास्त आणि दुसऱ्यात नगण्य निघाले, तर दोष बहुधा घरातल्या नळात किंवा जोडण्यांत असतो.

शक्य असेल तर जंतूंसाठी नळाचा एक आणि साठवणीच्या भांड्याचा एक असे दोन नमुने द्यावेत. नळाचे पाणी निर्दोष आणि भांड्यातले दूषित, असे बरेचदा आढळते. उघडी टाकी, भांड्यात बुडवलेले हात किंवा पेला ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

अहवाल वाचताना

अहवालात प्रत्येक घटकापुढे सापडलेले प्रमाण, मर्यादा आणि एकक असते. एकक आधी वाचावे, कारण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. नायट्रेटच्या बाबतीत एक खास गफलत होते. काही प्रयोगशाळा संपूर्ण नायट्रेटचे वजन देतात, तर काही त्यातल्या फक्त नायट्रोजनचे, आणि ५० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे ११ मिलिग्रॅम नायट्रोजन होतो. नायट्रोजनच्या पद्धतीने लिहिलेला २० हा आकडा पाहून ‘पन्नासच्या आत आहे’ असे समाधान मानले, तर ती गंभीर चूक ठरेल.

‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ शून्य असा नसतो. त्या पद्धतीला दिसू शकणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा ते कमी आहे, एवढाच तो असतो. ते किमान प्रमाण मर्यादेच्या खाली आहे ना, हे प्रयोगशाळेला जरूर विचारावे. आर्सेनिक ५० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावरच दाखवणारी पद्धत १० ची मर्यादा तपासायला कामाची नाही. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या मानकानुसार मान्यता आहे का आणि ती मान्यता आपल्याला हव्या असलेल्या चाचणीसाठी आहे का, हेही विचारायला संकोच करू नये.

“आम्ही उकळून पितो, शिवाय फिल्टर आहे”

पाणी खळखळून उकळल्यास रोगकारक जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात, त्यामुळे जंतूंविरुद्धचा हा अतिशय खात्रीचा उपाय आहे. पण आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. नायट्रेटयुक्त पाणी बाळासाठी ‘उकळून’ देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

अतिनील किरणांचे यंत्र जंतू निष्प्रभ करते, पण त्यासाठी पाणी नितळ असावे लागते आणि रसायनांवर त्याचा उपयोग नाही. कोळशाचा फिल्टर क्लोरिन, वास आणि काही सेंद्रिय रसायने शोषतो, पण वेळेवर बदलला नाही तर त्यावर जिवाणू वाढतात. आरओ विरघळलेले क्षार, आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट बऱ्याच अंशी काढतो, मात्र बरेच पाणी वाया घालवतो. ज्या पाण्यात यांपैकी काहीच जास्त नाही, तिथे तो बसवण्याचे सबळ कारण उरत नाही. म्हणून आधी तपासणी करावी आणि मग यंत्र निवडावे. यंत्र बसवल्यावर ज्या घटकासाठी ते घेतले त्याचीच चाचणी पुन्हा करावी.

विहिरीत ई. कोलाय सापडल्यास पाणी उकळून पिणे लगेच सुरू करावे आणि विहिरीची पाहणी करावी. कठडा फुटला आहे का, पावसाचे पाणी थेट आत वाहते का, शौचालयाचा खड्डा किंवा गोठा चढाच्या बाजूला आहे का, हे पाहून दोष दूर करावा आणि मगच क्लोरिन घालून विहीर निर्जंतुक करावी. फेरतपासणीचा नमुना पाण्यातला क्लोरिन पूर्ण निघून गेल्यावर, साधारण एका आठवड्याने घ्यावा, कारण क्लोरिन असताना घेतलेला नमुना बहुधा निर्दोषच येतो. त्यानंतर काही आठवड्यांनी आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर आणखी एकेक नमुना द्यावा. त्यांतही ई. कोलाय परत आला तर झिरपण अजून सुरूच आहे, आणि तिथे वारंवार क्लोरिन ओतत बसण्यापेक्षा दुसरा स्रोत शोधणे किंवा कायमस्वरूपी निर्जंतुकीकरणाची सोय करणे भाग आहे.